डॉ. कोटणीस आणि परत आलेले चौघे



गेल्या वेळी अमरावतीला आपण 'नागरी समाज' या शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला होता. हेगेलने या समाजाला कुटुंब आणि राज्यसंस्था यांच्या मधली जागा दिली, एवढे सांगून आम्ही थांबलो होतो. तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "म्हंजे ओसरी म्हना ना सर. धड घरातबी नाही, अन् धड रस्त्यावरबी नाही." आम्ही चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, पण इतकी नेमकी व्याख्या आम्हाला सुचली नव्हती. आज अकोल्यात तीच ओसरी घेऊन पुढे जाऊ.

आजचा विषय युद्धात सापडलेल्या देशातले मानवतावादी काम हा आहे. काही श्रोत्यांनी आधीच कळवले होते की गाझावर बोला, सुदानवर बोला, युक्रेनवर बोला. त्या सगळ्यांचा विचार मनात आहेच. पण आपण आज बोलणार आहोत १९४६ सालच्या एका चित्रपटावर. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. कुणी म्हणेल, हे काय मध्येच? तर कारण असे, की परक्या देशातल्या युद्धात मदतीला जाणे म्हणजे काय, याची आपल्या मराठी मनातली जी प्रतिमा आहे, ती बरीचशी या चित्रपटाने घडवली आहे. आणि ती प्रतिमा, आमच्या मते, तपासून घेण्याची वेळ आली आहे.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. जपानने १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी जू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलैमध्ये 'चीन दिन' पाळला गेला, सभा झाल्या, झोळ्या फिरल्या आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. त्यांनी त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले होते. कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. बसू. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय तेव्हा अठ्ठावीसच्या आत. आणि नागपूरचे डॉ. चोळकर. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने ते मुंबईहून निघाले.

इथे क्षणभर थांबू. हे पाच जण कोणत्या देशाचे प्रतिनिधी होते? ज्या देशाला स्वतःचे सरकार नव्हते, स्वतःचा पासपोर्ट नव्हता, त्या देशाचे. दिल्लीतले सरकार इंग्रजांचे. म्हणजे राज्यसंस्थेने काही पाठवले नाही. पाठवले ते वर्गणी देणाऱ्यांनी, सभा भरवणाऱ्यांनी, पावत्या फाडणाऱ्यांनी. आपल्या गृहस्थांच्या शब्दात सांगायचे तर हे पथक ओसरीवरून निघाले होते. गुलाम देशातल्या लोकांनी दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला डॉक्टर पाठवणे ही आपल्या नागरी समाजाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे.

पथक हान्कोला पोचले, तिथून माघार घेत यिचांग, चुंगकिंग असे करत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर गेले. आठव्या रूट आर्मीबरोबर त्यांनी काम केले. पुढे चोळकर आणि मुखर्जी परतले, मग अटल परतले. कोटणीस आणि बसू राहिले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये तिथेच वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांवर आली. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. बसू १९४३ मध्ये भारतात परतले.

आता चित्रपट. त्याचे गुण आधी सांगितले पाहिजेत, नाहीतर टीका म्हणजे नुसती कुरकुर होते. ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांचे लेखन, वसंत देसाईंचे संगीत, स्वतः शांताराम कोटणीसांच्या भूमिकेत आणि जयश्री त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना शेजारच्या देशाच्या दुःखाला आपले म्हणणारा एवढा मोठा चित्रपट काढणे, हे धैर्याचेच होते. आणि शेवट! मरणाच्या दारात असलेला कोटणीस बायकोला आपल्या घराची वाट सांगतो आणि ती मूल घेऊन त्या वाटेने येते. आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो अकोल्यात, एका शाळेच्या मैदानावर, पांढऱ्या पडद्यावर. आमच्या शेजारी बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. खरे सांगायचे तर आम्हीही.

पण त्याच शेवटाकडे जरा निरखून पाहा. चित्रपटात प्लेगची साथ येते, कोटणीस तिच्याशी झुंजतात आणि अखेर तोच रोग त्यांना नेतो. प्रत्यक्षात डॉ. कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. ज्याला आपण फिट म्हणतो, खेड्यात फेफरे म्हणतात, तो आजार. आता हा बदल का केला असेल? दिग्दर्शकाला पडद्यावर काही भव्य हवे होते, हे एक उत्तर. आम्हाला ते अपुरे वाटते.

प्लेगने मरणे आणि अपस्माराने मरणे यांत कथेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. प्लेगने मरणारा डॉक्टर रुग्णासाठी मरतो. ते मरण त्याने जणू स्वीकारलेले असते, म्हणून ते बलिदान ठरते. अपस्मार कुणी स्वीकारत नाही. तो होतो. थकलेल्या, झोप न मिळालेल्या, उपाशी शरीराला तो अधिक छळतो. त्या मरणातून वेगळे प्रश्न निघतात. या डॉक्टरला विश्रांती कोण देणार होते? औषध कुठून येणार होते? पाचातले तिघे परतल्यावर त्यांच्या जागी दुसरे कुणी का गेले नाहीत? चित्रपटातल्या प्लेगने हे सगळे प्रश्न एका फटक्यात मिटवले. एकदा हुतात्मा म्हटले, की हिशेब विचारायचा नाही. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की तो कुठल्या खाणीतला हे कुणी विचारत नाही, तसे. आणि आणखी एक. फिट येणाऱ्या माणसाकडे आपण आजही कोणत्या नजरेने पाहतो, हे या सभागृहातल्या डॉक्टरांना विचारा. तो आजार घेऊनही एक माणूस शेवटपर्यंत शस्त्रक्रिया करत होता, रुग्णालय चालवत होता, शिकवत होता, हे सांगणे जास्त मोठे झाले नसते का? वीराला 'शोभेल' असा रोग त्याला द्यावा लागला, यात आपल्या समाजाचीच भीती दिसते.

दुसरा मुद्दा शीर्षकाचा. चित्रपट ज्या पुस्तकावर आधारला ते अब्बास यांचेच. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो, 'आणि एक परत आला नाही'. नाव सुंदर आहे, पण त्या नावातच वाटणी झालेली आहे. पाच गेले, एक आला नाही, आणि गोष्ट त्या एकाची झाली. म्हणजे जे चौघे आले त्यांचे आता सांगण्यासारखे काही उरले नाही, असे आपण नकळत धरून चालतो. मागे एका महाविद्यालयात हे बोलत असताना एका मुलीने आम्हाला विचारले होते, "काहून सर, जे वापस आले त्यायचं काय चुकलं?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचे हे व्याख्यान आहे असे समजा.

डॉ. चोळकर नागपूरचे. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. म्हणजे या पथकात आपल्या प्रांताचा एक माणूस होता. आज या सभागृहात किती जणांनी हे नाव याआधी ऐकले होते? हात वर करा... चार. पाच. बरोबर. कोटणीसांचे स्मारक सोलापुरात आहे, चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, चिनी नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना भेटतात. हे सगळे योग्यच आहे. पण चोळकरही त्याच पथकात होते. बाँबच्या छायेत जाऊन रुग्णांवर उपचार करून जिवंत परत येणे, ही त्यांची कामगिरी उणी कशी? तेही तीच नावे मिरवत होते. चीनमध्ये या पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर होते. कोटणीस झाले 'के दीहुआ'. चीनने पाचांनाही आपलेसे केले, आपण मात्र एकालाच केले.

आणि डॉ. बसू. ते परत आल्यावर त्यांनी पुढच्या आयुष्यात कोटणीसांच्या नावाने समिती चालवली, चीनमधून ॲक्युपंक्चर शिकून आणले, इथल्या लोकांना शिकवले. म्हणजे जो परतला नाही त्याचे नाव जिवंत ठेवण्याचे काम जो परतला त्याने केले. बघा, स्मरण ठेवायलासुद्धा कुणीतरी परत यावे लागते.

तिसरा मुद्दा बाईचा. चित्रपटातली चिंग लान ही मुख्यतः प्रेयसी, मग पत्नी, मग नवऱ्याची ज्योत त्याच्या घरी आणणारी विधवा. प्रत्यक्षातल्या क्वो छिंगलान स्वतः त्या रुग्णालयात काम करत होत्या. तो देश त्यांचा होता, ते युद्ध त्यांचे होते. कोटणीस त्यांच्या कामात सामील झाले होते, उलटे नव्हे. पतीनंतर त्या सत्तर वर्षे जगल्या, २०१२ मध्ये वारल्या. त्यांच्या मुलाच्या नावात भारत आणि चीन दोन्ही होते, यिनहुआ. तो वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला. त्या नंतर अनेकदा भारतात आल्या, पण राहिल्या आपल्या देशात. चित्रपटाचा शेवट त्यांना सासरी आणून थांबतो. आयुष्य तसे थांबत नाही.

हा मुद्दा केवळ स्त्रीवादाचा नाही, मानवतावादी कामाच्या गाभ्याचा आहे. बाहेरून आलेला डॉक्टर दिसतो. त्याच्यासाठी स्ट्रेचर उचलणारे, पाणी उकळणारे, रात्री कंदील धरणारे स्थानिक लोक दिसत नाहीत. आजही मदतकार्यात मारले जाणारे बहुतांश लोक त्याच देशाचे कर्मचारी असतात. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदुझ येथे 'सीमेपलीकडचे डॉक्टर' या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला. ४२ माणसे गेली. रुग्ण होते, नातेवाईक होते आणि कर्मचारी होते. त्यांतल्या कुणावर आपण चित्रपट पाहिला?

आता थोडे तत्त्वज्ञान. घाबरू नका, पाच मिनिटांत आटोपतो. (हशा) १८५९ मध्ये सॉल्फेरिनोच्या रणभूमीवर आंरी द्युनां यांनी हजारो जखमी तडफडताना पाहिले. गावातल्या बायांनी कोणत्या सैन्याचा हे न विचारता त्यांची सेवा केली. त्यातून पुढे रेडक्रॉस जन्मली आणि तटस्थतेचे तत्त्व आले. जखमी माणूस हा शत्रू नसतो, हे त्याचे सार. आपले पथक मात्र तटस्थ नव्हते. ते आक्रमकाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने गेले होते आणि हे त्यांनी लपवले नाही. कोटणीस तर १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. चित्रपटातला कोटणीस मात्र देशभक्त आहे, प्रियकर आहे, पण विचार करून राजकीय निर्णय घेणारा माणूस म्हणून फारसा दिसत नाही. त्याची करुणा आपल्याला मोकळेपणाने दाखवली जाते, त्याचे मत दाखवताना चित्रपट आखडता हात घेतो.

का? कारण मत असलेला सेवाभावी माणूस आपल्याला अडचणीचा वाटतो. त्याला हार घालताना विचार करावा लागतो. १९६२ च्या युद्धानंतर हे अधिकच खरे ठरले. कालपर्यंतचा मित्र देश शत्रू झाला आणि कोटणीसांचे नाव घेताना लोक चाचरू लागले. पुढे संबंध सुधारले की नाव पुन्हा बाहेर यायचे. म्हणजे ओसरीवरून गेलेल्या माणसाची आठवण दोन सरकारांच्या मर्जीवर ठेवली गेली.

आम्ही स्वतः काय मानतो, हे सांगायला हवे. तटस्थता हे साधन आहे. दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत पोचण्यासाठी ते लागते, म्हणून ते मोलाचे आहे. पण तटस्थ असणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. रवांडातल्या हत्याकांडानंतर १९९४ मध्ये गोमाच्या निर्वासित छावण्यांत मारेकऱ्यांनीच अन्नवाटपावर ताबा मिळवला, तेव्हा त्याच 'सीमेपलीकडचे डॉक्टर' संस्थेच्या फ्रेंच शाखेने तिथून माघार घेतली. उपाशी लोकांना सोडून जाणे बरोबर होते का? याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. पण तो प्रश्न चारचौघांत मांडला गेला, हे महत्त्वाचे. बाजू घेणे हा गुन्हा नाही आणि न घेणेही नाही. आपण काय करतो आहोत हे वर्गणी देणाऱ्याला न सांगणे, हा मात्र आम्ही गुन्हा मानतो.

आता थोडे स्वतःविषयी, कारण दुसऱ्यावर टीका करणाऱ्याने आपली पाटीही दाखवावी. १९७१ साली आम्ही बी.ए.ला होतो. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पोस्टात पत्र टाकायचे तर पाच पैशांचे निर्वासित मदतीचे जादा तिकीट लावावे लागे, इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आम्ही विद्यार्थी पत्र्याचे डबे घेऊन बाजारात फिरलो. लोकांनी भरभरून दिले, भाजीवालीनेही दिले. डबे कुठेतरी जमा झाले. एकूण किती जमले, कुणाकडे गेले, हे आम्ही लिहून ठेवले नाही आणि कुणी विचारलेही नाही. त्या भाजीवालीचा हिशेब आमच्याकडे आजही बाकी आहे.

आमचा एक वर्गमित्र मात्र खरोखर सीमेवरच्या छावणीत काम करायला गेला. स्टेशनवर हार घातले, घोषणा दिल्या. तीन आठवड्यांत तो परत आला, वाळलेला, पोट बिघडलेला. आम्ही विचारले, काय केलंस रे तिथं? तो म्हणाला, "पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवलं अन् कॉलऱ्याच्या पेशंटला पाजलं." आम्ही हसलो. साखरपाणी कालवायला कलकत्त्याला गेला होतास का लेका? बरेच दिवस त्याला 'सरबतवाला' म्हणत होतो. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

पुष्कळ वर्षांनी आम्हाला कळले की त्याच वर्षी बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले होते. आज आपल्या अंगणवाडीत जे ओआरएसचे पाकीट मिळते, ज्याने जगभरातली असंख्य मुले वाचली, त्याची मोठी परीक्षा तिथे झाली. आमचा मित्र त्या मोठ्या कामाच्या कडेला, पिंपाजवळ उभा होता. तो परत आला, एवढाच त्याचा दोष. मेला असता तर आम्ही चौकाला त्याचे नाव दिले असते. त्याची क्षमा मागायची राहून गेली. तो आता नाही.

म्हणून मित्रहो, ही टीका शांतारामांवर आहे त्याहून अधिक आमच्यावर आहे.

एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, सर, लोकांना नायक लागतो. नायकाशिवाय कोण खिशात हात घालतो? तर आकडा आणि तारीख पाहा. २२,००० रुपये १९३८ मध्ये जमले. तेव्हा कुणी हुतात्मा झाले नव्हते, चित्रपट नव्हता, पुतळा नव्हता. लोकांनी चीनचे दुःख ऐकले आणि दिले. नायक नंतर आला. उलट नायक आल्यानंतर तसे दुसरे पथक किती वेळा निघाले, हा प्रश्न विचारून पाहा.

आणि आपल्या वऱ्हाडाला हे शिकायला लांब जायला नको. गाडगेबाबांनी कीर्तनातून पैसा उभा केला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय केली आणि स्वतःच्या कुटुंबाला त्यात जागा दिली नाही. काम ट्रस्टच्या हाती सोपवले. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना नुसते जेवू घातले नाही, हाताला काम दिले. ही दोन्ही कामे युद्धातली नव्हेत. पण दान, हिशेब आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्याचा मान, या तिन्ही गोष्टी एकत्र कशा राहतात हे तिथे दिसते. दुर्दैवाने आपण गाडगेबाबांचाही खराटा फोटोत घेतला आणि वही बाजूला ठेवली.

तेव्हा आपल्याकडून एक अपेक्षा आहे. तुमच्या घरात, वाचनालयात, जुन्या संस्थेच्या कपाटात कुठल्याही मदत समितीच्या पावत्या, जमाखर्चाच्या वह्या, परत आलेल्या स्वयंसेवकांची पत्रे असतील तर ती रद्दीत देऊ नका. चीन दिनाची असोत, बंगालच्या दुष्काळाची असोत, एकाहत्तरची असोत. आणि तुमच्या ओळखीचे कुणी अशा कामाहून परत आलेले असेल, आठ दिवसांत आलेले असेल, आजारी पडून आलेले असेल, तर त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि विचारा, तिथं काय पाहिलं? आम्ही विचारले नव्हते.

पुढचे व्याख्यान अमरावतीला. कुणाकडे डॉ. चोळकरांविषयी काही जुना कागद असेल तर सोबत आणावा. आता प्रश्न घेऊ.